पेपर कोण काढतो? एका साध्या प्रश्नातून दिसणारा शाळा-विद्यापीठांचा इतिहास

लोकलमध्ये, बसमध्ये, जिममध्ये, नाहीतर भांडी घासताना कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी ही एपिसोडची लिखित प्रत. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत. सगळे नाही, थोडे ठेवलेत.

आजचा विषय तुम्हीच सुचवलेला. 'परदेशातली शिक्षणपद्धत आणि आपली, यात नेमका फरक काय?' या प्रश्नाची ठरलेली उत्तरं आपल्याला पाठ आहेत. तिकडे प्रॅक्टिकल असतं, इकडे घोकंपट्टी. तिकडे विचार करायला शिकवतात, इकडे पाठ करायला. ही उत्तरं अगदीच चूक नाहीत, पण त्यांतून काही कळतही नाही. कारण पुढचा प्रश्न उरतोच. असं का झालं? आपली माणसं जन्मतःच घोकंपट्टीवाली आहेत का? तर नाही.

मी इंजिनिअर आहे. एखादी सिस्टीम विचित्र वागायला लागली की आम्ही आधी एकच गोष्ट बघतो : कुठल्या माणसाच्या हातात कुठलं बटण आहे? शिक्षणव्यवस्थेला हाच प्रश्न विचारायचा तर तो असा होतो : पेपर कोण काढतो, आणि कोण तपासतो? जो शिकवतो तोच, की दुसराच कोणी, ज्याने विद्यार्थ्याला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही?

एवढा एक प्रश्न घेऊन आज आपण लंडन, मुंबई, बर्लिन, अमेरिका, चीन आणि फिनलंड अशी चक्कर मारणार आहोत.

वर्ग नसलेलं विद्यापीठ

सुरुवात लंडनपासून. १८२६ साली तिथे एक नवं कॉलेज निघालं, आजचं युनिव्हर्सिटी कॉलेज. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांचीच चलती होती, त्यामुळे बाकीच्या पंथांच्या आणि धर्मांच्या मुलांसाठी हे कॉलेज. त्याला उत्तर म्हणून चर्चच्या बाजूने १८२९ साली किंग्ज कॉलेज निघालं. आता दोघांचं भांडण : पदवी कोण देणार? सरकारने १८३६ साली मधला मार्ग काढला. 'युनिव्हर्सिटी ऑफ लंडन' नावाची तिसरीच संस्था उभी केली. ही संस्था शिकवणार नाही. फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. शिकवायचं काम कॉलेजांचं.

म्हणजे दोन कॉलेजांचं भांडण मिटवायला काढलेला हा तोडगा. आमच्या भाषेत याला 'जुगाड' म्हणतात. आणि जुगाडाचं एक असतं, तो चालला की कायमचा होतो.

१८५४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता चार्ल्स वूड. हिंदुस्थानात शिक्षण कसं असावं याचा त्याच्या नावाने ओळखला जाणारा खलिता त्या वर्षी आला. शाळेत आपण 'वूडचा खलिता, १८५४' असं एका मार्कासाठी पाठ केलंय. त्यात विद्यापीठं काढा असं सांगितलं होतं आणि नमुना म्हणून नाव होतं लंडन विद्यापीठाचं. कारण उघड होतं. शिकवणारं विद्यापीठ उभं करायचं तर प्राध्यापक, ग्रंथालयं, प्रयोगशाळा, सगळ्याला पैसा लागतो. परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणजे एक कार्यालय, एक रजिस्ट्रार आणि गठ्ठे बांधायला सुतळी.

१८५७ साली, एकीकडे उत्तरेत उठाव पेटलेला असताना, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. मुंबईचा कायदा १८ जुलैचा. सिंधपासून धारवाडपर्यंतची कॉलेजं एकेक करून या विद्यापीठाला जोडली गेली. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. माणसं काय ताकदीची होती ते वेगळं सांगायला नको.

पण विद्यापीठाचं स्वतःचं काय? फोर्टातला राजाबाई टॉवर १८७८ साली बांधून झाला, त्यात ग्रंथालय आलं. शेजारी पदवीदान सभागृह. देखणं सगळं. मात्र समाजशास्त्र, अर्थशास्त्र असे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहायला १९१९ साल उजाडलं. हिशोब करा. साठ वर्षं आपल्याकडे 'विद्यापीठ' या शब्दाचा अर्थ होता परीक्षा.

आणि आता खरी गंमत. ज्या लंडनचं आपण कॉपी-पेस्ट केलं, त्या लंडनने पुढच्याच वर्षी, १८५८ साली, स्वतःचे नियम बदलले. वैद्यकशास्त्र सोडून बाकी परीक्षांना कुठल्या ठरावीक कॉलेजात असण्याची अट काढून टाकली. कोणीही यावं, कुठेही शिकून यावं, परीक्षा द्यावी. पुढे १८९८ साली कायदा झाला आणि लंडन शिकवणारं विद्यापीठ झालं. मूळ प्रॉडक्ट अपडेट होत राहिलं आणि आपण पहिल्या व्हर्जनवर आपला अख्खा ढाचा उभा केला.

'हे पेपरला येत नाही'

शिकवणारा एक आणि तपासणारा दुसरा, असं झालं की वर्गात काय होतं? हे मी तुम्हाला पुस्तकातून सांगायची गरज नाही. माझ्या बीटेकच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायला एक तरुण सर होते. एक दिवस ते रंगात येऊन लिनक्सचा खराखुरा कोड उघडून दाखवायला लागले. दहा मिनिटांत मागून आवाज आला, "सर, हे पेपरला येतं का?" सरांनी लॅपटॉप बंद केला. त्यांचाही दोष नाही आणि विचारणाऱ्याचाही नाही. पेपर दुसरीकडे कुठेतरी निघणार होता. तो काढणाऱ्याला लिनक्सच्या त्या दहा मिनिटांची खबर असणार नव्हती. परीक्षक जेव्हा अनोळखी असतो, तेव्हा सगळ्यांना माहीत असलेली एकच गोष्ट विचारता येते, छापील सिलॅबस. मग शिक्षक सिलॅबसचा पोस्टमन होतो. आलेलं पाकीट फोडायचं नाही, फक्त पोचवायचं.

हे दुखणं नवं नाही आणि ते ओळखणाराही आपल्याकडचाच माणूस होता. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईची बीए पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन असे स्वतःच्या विषयात नवी भर घालणारे लोक समोर उभे राहून शिकवत होते. आपला अभ्यासक्रम तेच ठरवत होते. नंतर आंबेडकरांनी लंडनही अनुभवलं, तिथून १९२३ साली डीएस्सी घेतली. म्हणजे मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन या तिन्ही पद्धती त्यांनी विद्यार्थी म्हणून आतून पाहिल्या.

१९२४ साली मुंबई विद्यापीठात सुधारणा कशी करावी यासाठी समिती बसली होती. तिच्या प्रश्नावलीला आंबेडकरांनी लेखी उत्तर दिलं. त्यात त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. विद्यापीठातलं शिकवणं प्रौढ माणसाला साजेसं, शास्त्रीय आणि निःपक्षपाती हवं. पदवीचं शिक्षण कॉलेजात आणि पदव्युत्तर विद्यापीठात अशी फाळणी केली, की शिकवणं एकीकडे जातं आणि संशोधन दुसरीकडे, आणि दोघांचंही नुकसान होतं. ही गोष्ट १९२४ ची. आपण अजून त्याच चर्चेत आहोत.

बर्लिनची कल्पना

कोलंबियात आंबेडकरांनी जे पाहिलं ते अमेरिकेचं मूळचं नव्हतं. त्याचा धागा बर्लिनला जातो.

१८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा साफ पराभव केला. अर्धं राज्य गेलं, हाले इथलं महत्त्वाचं विद्यापीठही हातातून गेलं. अशा वेळी १८०९ साली विल्हेल्म फॉन हुम्बोल्टकडे शिक्षणखातं आलं. भाषांचा अभ्यासक माणूस. खात्यात तो जेमतेम दीड वर्ष राहिला, पण तेवढ्यात १८१० साली बर्लिन विद्यापीठ उभं राहिलं. त्यामागची कल्पना अशी : प्राध्यापकाने स्वतः शोध घ्यावा आणि तोच शोध विद्यार्थ्यांबरोबर करावा. काय शिकवायचं ते त्याने ठरवावं, काय शिकायचं ते विद्यार्थ्याने. ज्ञान म्हणजे अजून पूर्ण न सुटलेलं गणित, असं दोघांनी धरून चालावं.

मग विद्यापीठात येणारा मुलगा तयार आहे की नाही हे कोण ठरवणार? त्यासाठी प्रशियात 'आबिटूर' होती, शाळा संपतानाची परीक्षा. ती १७८८ साली सुरू झाली आणि १८३४ साली विद्यापीठ प्रवेशासाठी सक्तीची झाली. ती घ्यायचे शाळेतलेच शिक्षक, वर सरकारचा एक प्रतिनिधी. आजही जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत आबिटूरचे प्रश्न राज्यपातळीवर निघतात, पण पहिल्यांदा पेपर तपासतो तो त्या मुलाचा स्वतःचा शिक्षक. शिवाय अंतिम गुणांत शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या कामाचा वाटा परीक्षेपेक्षा मोठा असतो.

१८७६ साली अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघालं ते याच जर्मन धर्तीवर. मग बाकीच्या अमेरिकन विद्यापीठांनी तेच उचललं. आज आपले मित्र एमएस करायला जातात तेव्हा त्यांना पहिला धक्का कसला बसतो? प्रोफेसर पहिल्या दिवशी एक कागद वाटतो : असाइनमेंटला इतके टक्के, प्रोजेक्टला इतके, परीक्षेला इतके. सगळं त्याचं स्वतःचं. वर कोणी बोर्ड नाही. माझा एक कॉलेजमित्र पहिल्या सेमिस्टरला फोनवर म्हणाला, "अरे, इथे सरच पेपर काढतात आणि सरच तपासतात, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही!"

हा धक्का समजून घ्या. त्या कागदामागे विश्वास आहे. हा माणूस नीट शिकवेल आणि नीट मार्क देईल, असं समाजाने मान्य केलंय.

इथे थांबलो असतो तर एपिसोड सोपा झाला असता. बर्लिन चांगलं, मुंबई वाईट, लाइक करा, शेअर करा, बाय. पण गोष्ट एवढी सरळ नाही.

अनोळखी परीक्षकाचे उपकार

१८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. त्याच्यापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुख्य भाग प्रसिद्ध आहे : शेतकऱ्यांच्या करातून पैसा गोळा होतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षणाची मात्र हेळसांड. पण त्याच निवेदनात एक छोटा मुद्दा आहे ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. कॉलेजात न जाता घरी अभ्यास केलेल्या मुलांना मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसू देत होतं. फुल्यांनी याचं स्वागत केलं आणि म्हटलं की हीच सवलत बीए, एमए अशा वरच्या परीक्षांनाही द्या.

ज्या 'फक्त परीक्षा घेणाऱ्या' विद्यापीठाला आपण आत्तापर्यंत नावं ठेवली, त्याचाच हा दुसरा चेहरा. कॉलेजची फी परवडत नाही, वर्गात कोणी शेजारी बसू देत नाही, अशा मुलाला अनोळखी परीक्षक हाच मोठा आधार. तो उत्तरपत्रिका बघतो, जात बघत नाही.

दुसरं उदाहरण कॉर्नेलिया सोराबजींचं. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मुंबई विद्यापीठाने १८८३ साली पदवीचे दरवाजे मुलींना उघडले आणि १८८८ साली कॉर्नेलिया या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, प्रथम श्रेणीत. एवढ्या गुणांवर इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती नाकारली गेली, कारण त्या बाई होत्या. मग हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि त्या ऑक्सफर्डला गेल्या. तिथे कायद्याच्या परीक्षेला बसण्यासाठी खास ठराव करावा लागला. १८९२ साली त्यांनी ती परीक्षा दिली. पदवी? ती मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदवी देणं सुरू केलं १९२० साली. कॉर्नेलियाबाईंच्या हातात ती पदवी पडेपर्यंत जवळपास तीस वर्षं गेली. केंब्रिजने तर १९४८ पर्यंत थांबवलं.

आणि लंडन? त्याने स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या १८७८ साली. ऑक्सफर्डमध्ये प्रश्न होता राहणं, जेवणं, एकत्र बसणं, आमच्यातली कोण आणि बाहेरची कोण, असा सगळा. लंडनपुढे फक्त उत्तरपत्रिका होती. ज्या संस्था विद्यार्थ्याला 'ओळखून' शिकवत होत्या, त्यांनी दार उशिरा उघडलं. ज्या ओळखतच नव्हत्या, त्यांनी आधी उघडलं.

ओळख विरुद्ध गुण

हेच अमेरिकेत वेगळ्या रूपात दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळायचा. त्यामुळे बोस्टन-न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू वस्त्यांमधली मुलं भराभर आत यायला लागली. १९२२ च्या सुमाराला हार्वर्डच्या नव्या विद्यार्थ्यांमध्ये ज्यू मुलांचं प्रमाण पाचव्या हिश्शाच्या आसपास गेलं. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल अस्वस्थ झाले. त्यांनी उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला. त्यावर गदारोळ झाला. मग दुसरा मार्ग निघाला. गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' बघायचं. अर्जात फोटो, शिफारसपत्र, मुलाखत. अर्जात हेही विचारलं जाऊ लागलं की जन्मानंतर तुमचं किंवा वडिलांचं नाव कधी बदललं आहे का. नाव कशाला विचारत होते हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको. आडनाव विचारून काय काय ताडायचं असतं, यात आपण जगात कोणाला हार जाणार नाही. ज्यू मुलांचं प्रमाण खाली आलं, आणि कागदावर कुठेही 'ज्यू' शब्द नव्हता.

आज अमेरिकेत प्रवेशासाठी निबंध, शिफारसपत्रं, मार्कांपलीकडचे गुण असं सगळं बघतात आणि आपल्याला त्याचं फार कौतुक वाटतं. त्याचे फायदे आहेतच. पण त्याच्या पायात ही गोष्टही पुरलेली आहे, हे माहीत असावं.

चीनमध्ये तर हा झगडा पार टोकाला गेला. राज्यकारभारासाठी माणसं परीक्षेने निवडायची पद्धत तिथे सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ साली बंद झाली. सोंग राजवटीच्या काळात उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून चिकटवायचे. एवढ्यावरही भागलं नाही. अक्षरावरून माणूस ओळखू येईल म्हणून कारकुनांकडून प्रत्येक उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घ्यायचे आणि परीक्षकाला ती नक्कल द्यायचे. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. आपल्या बोर्डाच्या बारकोडचा खापर-खापर-पणजोबाच म्हणा ना!

मग १९५२ साली नव्या चीनमध्ये 'गाओकाओ' ही देशव्यापी प्रवेश परीक्षा सुरू झाली. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीत ती बंद पडली. कारण ऐकायला छान होतं : परीक्षा पुस्तकी किड्यांच्या फायद्याची, कष्टकऱ्यांच्या विरोधातली. १९७० नंतर विद्यापीठं हळूहळू उघडली तेव्हा प्रवेश शिफारशीने. शेतात, कारखान्यात काम केलेल्या तरुणाची त्याच्या गावाने, कारखान्याने शिफारस करायची. वरच्या नेत्यांनी मंजूर करायची. पुढे काय झालं असेल ते आपल्याकडचा कोणीही सांगेल. ज्यांची वर ओळख, त्यांची पोरं कॉलेजात. १९७३ साली थोडीफार परीक्षा घेऊन पाहिली, तर झांग तिएशेंग नावाच्या तरुणाने एक पेपर जवळपास कोरा दिला आणि मागे पत्र लिहिलं : मी शेतात राबत होतो, अभ्यासाला वेळ कुठून आणू? सत्ताधाऱ्यांनी त्याला हिरो केलं.

१९७७ साली डंग श्याओफिंग यांनी गाओकाओ परत आणली. त्या हिवाळ्यात सुमारे ५७ लाख लोक परीक्षेला बसले. अकरा वर्षांचा साठलेला लोंढा. कोणी शाळेतून आलेले, कोणी तिशी ओलांडलेले, पोराबाळांचे आईबाप. जागा मिळाली पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांना. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाही. तरीही त्या पिढीच्या आठवणीत ती परीक्षा न्यायाचा दिवस म्हणून राहिली आहे. त्यांनी परीक्षा नसण्याची दहा वर्षं पाहिली होती.

विश्वास फुकट येत नाही

मग मार्ग कुठला? एकीकडे अनोळखी परीक्षक : न्याय देतो, पण शिकवण्याचा जीव काढून घेतो. दुसरीकडे ओळखीचा शिक्षक : शिक्षण जिवंत ठेवतो, पण त्याच्या मनात काय आहे यावर मुलाचं भवितव्य लटकतं. जर्मनीतही हे आहेच. तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं की मूल विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेत जाणार की दुसरीकडे, आणि त्यात शिक्षकाच्या मताला वजन असतं. दहा वर्षांचं पोर! २००० सालच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं की जर्मनीत मुलाची कामगिरी आणि घरची परिस्थिती यांचं नातं फार घट्ट आहे. सगळा देश हादरला होता.

फिनलंडमध्येही आधी अशीच दहा-अकराव्या वर्षी फाळणी व्हायची. १९६८ साली कायदा झाला आणि सगळ्यांना एकच नऊ वर्षांची शाळा असं ठरलं. अंमलबजावणी कशी केली बघा. १९७२ साली उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात, आणि सरकत सरकत १९७७ साली दक्षिणेला हेलसिंकीच्या भागापर्यंत. राजधानी शेवटी. आपण सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने सोडतो तसंच, फक्त उलटं. सर्वांत दूरच्या माणसाला आधी.

मग १९७९ साली ठरलं की प्राथमिकच्या शिक्षकालाही विद्यापीठातली पदव्युत्तर पदवी हवी. आणि त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, शाळा तपासनिसांची पद्धत बंद केली. हा क्रम महत्त्वाचा. आधी शिक्षक घडवला, मग त्याच्यावरचा पहारा उठवला. देशपातळीवरची मोठी परीक्षा एकच, उच्च माध्यमिक संपताना. तिची सुरुवात १८५२ ची. तिचा पेपर आधी मुलाचा शिक्षक तपासतो आणि मग बाहेरचं मंडळ त्यावर शेवटचा हात फिरवतं. दोन्ही माणसं जागेवर आहेत, ओळखीचा आणि अनोळखी. फिनलंडही स्वर्ग नाही, गेल्या काही वर्षांत तिथले गुण बरेच घसरलेत. पण विश्वास ही बांधायची गोष्ट आहे, घोषित करायची नाही, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे आज

आपण नेमकं उलटं करत आलोय. शिक्षकाच्या हातात वीस मार्कांचं 'इंटर्नल' दिलं. त्याचं काय झालं? सगळ्यांना अठरा. त्या अठरावर कोणाचाच विश्वास नाही, म्हणून बोर्डाची परीक्षा. बोर्डाच्या गुणांवर पूर्ण विश्वास नाही, म्हणून सीईटी, जेईई, नीट. एका अविश्वासावर दुसरा थर. आणि प्रत्येक थर वाढला की वर्गातला शिक्षक आणखी एक पायरी खाली. आता तर अकरावी-बारावीचं कॉलेज नुसतं हजेरीपुरतं आणि खरा अभ्यास क्लासमध्ये, हे घरोघरी ठाऊक आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की कॉलेजं विद्यापीठाला जोडण्याची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. म्हणजे १८५७ चा तो जुगाड अखेर मोडीत निघणार. कॉलेज स्वतः शिकवणार, स्वतः परीक्षा घेणार, स्वतः पदवी देणार. कल्पना बर्लिनची आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण भीतीही वाटते. कित्येक शिक्षक तासिका तत्त्वावर, दर तासाच्या हिशोबाने पगार, पुढच्या वर्षी नोकरी राहील का माहीत नाही. अशा शिक्षकाच्या हातात पदवीची सही देऊन विश्वास तयार होईल का? संस्थाचालकाच्या मुलाला तो नापास करू शकेल का? आणि ज्या पोराच्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जातंय, ज्याच्या मागे कोणाची ओळख नाही, त्याला उद्या कोण विचारणार?

म्हणून मला पुन्हा आंबेडकरांचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. १९२४ साली ज्यांनी शिकवणं आणि संशोधन एकत्र हवं म्हणून आग्रह धरला, त्यांनीच १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ कायद्यावर बोलताना सांगितलं की उच्च शिक्षण गोरगरिबांच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं मूळ काम आहे. त्यांना दोन्ही हवं होतं. जिवंत वर्गही आणि उघडं दारही. यातलं एक निवडा असं त्यांना वाटलं नाही. आपल्यालाही वाटायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर क्रम फिनलंडचा घ्यावा. आधी शिक्षकाच्या जागा कायमच्या भरा, त्याला घडवायला वेळ आणि पैसा द्या, त्याने काढलेला आणि तपासलेला पेपर बाहेरच्या माणसाला बघू द्या, आणि मग हळूहळू पहारा कमी करा. तोपर्यंत तो अनोळखी परीक्षक, कितीही रुक्ष असला तरी, गरीब पोराचा शेवटचा वकील आहे. त्याला घाईने घरी पाठवू नका.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी 'अमुक देशाची शिक्षणपद्धत बेस्ट' असा फॉरवर्ड पाठवला, की शांतपणे दोन प्रश्न विचारा : तिथे पेपर कोण तपासतो? आणि ज्याची कोणाशी ओळख नाही, तो तिथे आत कसा जातो? दोन्हींची उत्तरं मिळाली की बरंच काही कळतं.

तुमच्या शाळा-कॉलेजात स्वतःच्या हिमतीवर सिलॅबसबाहेर शिकवणारे कोणी सर, मॅडम होते का? असतील तर हा एपिसोड त्यांना पाठवा. त्यांना बरं वाटेल. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा.